संगणक सुरक्षेचं साहित्य सार्वजनिक संग्रहात टाकायचं तर काय टाकावं, काय नाही?

खडूफळा

मंडळी, प्रश्न साधा वाटतो, पण ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. म्हणून इथे.

नव्वदच्या दशकात मी सांगलीकडे कॉम्प्युटर क्लास चालवत असे, नंतर पॉलिटेक्निकला शिकवलं. तेव्हापासून सुरक्षेवरचं जे हाती लागलं ते जपून ठेवलंय. सव्वापाच आणि साडेतीन इंची फ्लॉप्यांचा खोका आहे. त्यात अँटिव्हायरसच्या जुन्या आवृत्त्या आहेत, आणि काही फ्लॉप्यांवर 'व्हायरस आहे, हात लावू नये' असं लाल शाईत लिहिलेलं आहे. विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहिलेल्या नोट्स आहेत. नंतरच्या काळात उतरवून घेतलेले पीडीएफ, कोर्सचे व्हिडिओ, टूल्स आणि पासवर्डच्या याद्या असं एका हार्ड डिस्कवर आहे.

हे सगळं इंटरनेट आर्काइव्ह (आर्काइव्ह डॉट ऑर्ग) या मोफत डिजिटल संग्रहावर चढवावं असं मनात आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, दारात पोलीस येतील." एक जुना विद्यार्थी म्हणतो, "सर, यातलं नव्वद टक्के आधीच तिथे आहे, वेळ घालवू नका." माझं मत असं की कपाटात कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावं. तुमचे अनुभव सांगा. चढवताना काय काळजी घ्यायची तेही सांगा.

चहाटळ

लाल शाईतल्या फ्लॉप्यांत 'जोशी' आहे का हो सर? असेल तर ५ जानेवारीला टाकू नका, कॉम्प्युटर रुसून बसेल.

बायनरी_बंड्या

हे काय नवीन? जोशींनी काय केलं?

चहाटळ

बाळा, १९९० साली भारतात सापडलेला बूट सेक्टर व्हायरस, म्हणजे डिस्कच्या ज्या भागातून मशीन सुरू होतं तिथे दडणारा. ५ जानेवारी उजाडली की मशीन अडकायचं आणि पडद्यावर हुकूम यायचा की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलंत की मशीन चालू. शुभेच्छा दिल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही, असा मानपान करणारा जगातला एकमेव व्हायरस. आडनाव बघता आश्चर्य वाटत नाही.

अभ्यासू मुंगी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). त्याच्या चार वर्षं आधी, १९८६ मध्ये, लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस काढला होता. त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता! फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या आजच्या रॅन्समवेअरवाल्यांना एवढा मोकळेपणा कुठला जमायला.

सर, तुमचा मुलगा घाबरतोय ती गोष्ट इंटरनेट आर्काइव्हवर राजरोस झालेली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे 'मालवेअर म्युझियम' सुरू झालं. फिनलंडचे मिक्को हिप्पोनेन आणि आर्काइव्हचे जेसन स्कॉट यांनी डॉसच्या काळातले व्हायरस गोळा करून त्यातला नासधूस करणारा भाग काढून टाकला. ब्राउझरमध्येच डॉसची नक्कल (एम्युलेशन) चालते, त्यामुळे पडद्यावरची अक्षरं पावसासारखी गळताना आरामात बघता येतात. माझ्या मुलीला दाखवलं तर म्हणाली, "एवढंच? पैसे नाही मागत?"

संशयात्मा

सगळे गमतीत आहेत, म्हणून मीच वाईटपणा घेतो. नासधूस काढून टाकलेला नमुना वेगळा आणि सरांच्या खोक्यातला अख्खा जिवंत व्हायरस वेगळा. शिवाय हार्ड डिस्कवरची टूल्स? पासवर्ड याद्या? इंटरनेटवर कोण उतरवून घेतंय ते तुम्हाला कळत नाही. दहावीतलं पोर तीन कमांड चिकटवून शाळेची वेबसाइट पाडतं आणि स्टेटसला लावतं. त्याला आयती शिदोरी कशाला पुरवायची? ज्याला खरंच शिकायचंय तो कॉलेजात जाईल, लॅबमध्ये बसेल.

सोलापुरी चादर

लॅबमध्ये बसेल म्हणे. कुठल्या लॅबमध्ये? आमच्या कॉलेजात सायबर सिक्युरिटीचा पेपर होता आणि लॅबच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायला मनाई होती. प्रॅक्टिकलच्या वहीत नेटवर्क स्कॅनचं आउटपुट आम्ही एकमेकांचं बघून पेनाने उतरवून काढलंय. पेनाने! मी जे शिकलो ते सार्वजनिक साहित्यातून. एक्स्प्लॉइट (दोषाचा फायदा घेणारा कोड) गोळा करणारा एक्स्प्लॉइट डेटाबेस, वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेचे मार्गदर्शक आणि जुन्या मेलिंग लिस्टचे संग्रह. कोर्सची फी परवडणाऱ्यांनीच शिकावं असं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

संशयात्मा

फीबद्दल मी अक्षरही बोललो नाही. उगाच भावनिक करू नका.

हेक्सडम्प

हा वाद तीस वर्षं जुना आहे, म्हणून जरा मागे जातो. लांबेल.

१९९३ मध्ये 'बगट्रॅक' ही मेलिंग लिस्ट सुरू झाली ती याच वैतागातून. तोवर रिवाज असा की दोष सापडला तर कंपनीला कानात सांगायचं आणि वाट बघायची. कंपन्या वर्ष वर्ष ढिम्म. वापरणाऱ्यांना पत्ता नाही, चोरांना मात्र असायचा. बगट्रॅकने दोष चारचौघांत मांडायला सुरुवात केली आणि दुरुस्त्या भराभर येऊ लागल्या. २००२ मध्ये 'फुल डिस्क्लोजर' नावाची आणखी मोकळी लिस्ट आली. ती मार्च २०१४ मध्ये चालकांनी कंटाळून बंद केली, आणि 'एनमॅप' हे नेटवर्क तपासायचं साधन लिहिणाऱ्या फ्योदोरने काही दिवसांत परत उभी केली. बगट्रॅक २०२१ मध्ये थंडावली. दोन्हींची जुनी पत्रं सेकलिस्ट्स डॉट ऑर्गवर आजही वाचायला मिळतात. हा संग्रह कुणी जपला नसता तर एका अख्ख्या पिढीचं काम गेलं असतं.

संशयात्मा यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते 'कधी' या प्रश्नात आहे. दुरुस्ती यायच्या आधी चालता हल्ला जगासमोर टाकणं वेगळं, आणि तीस वर्षांपूर्वीचा बूट सेक्टर व्हायरस टाकणं वेगळं. म्हणून तर गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या पथकाने कंपन्यांना ९० दिवसांची मुदत घालून दिली. आजही मुदतीवर भांडणं होतात, पण मुदत असावी हे बहुतेकांना मान्य आहे.

उरणकर

हेक्सडम्प, मुदत संपली म्हणजे सगळ्यांनी पॅच (दुरुस्ती) टाकला असं होत नाही हो.

उदाहरण आमच्या दारातलं देतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये विंडोजच्या फाइल शेअरिंगमधला दोष दुरुस्त केला. एप्रिलमध्ये 'शॅडो ब्रोकर्स' या टोळीने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडून चोरलेलं, त्याच दोषातून घुसणारं 'इटर्नलब्लू' हे साधन इंटरनेटवर ओतलं. मे महिन्यात त्यावरच चालणारं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं. २७ जूनला नॉटपेट्याचा हल्ला, त्यातही तेच इटर्नलब्लू. सुरुवात युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, आणि फटका कुठवर? मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बसली आणि न्हावा शेवाला तिच्या समूहातलं टर्मिनल ठप्प झालं. पेपरात आठवडाभर बातम्या होत्या. मर्स्कने स्वतःच नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं होतं.

कंटेनर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रेलरवाल्याला एनएसए माहीत नाही आणि मेलिंग लिस्टही माहीत नाही. डिझेल आणि भत्ता त्याच्या खिशातून जातो.

हेक्सडम्प

उरणकर, मान्य. पण ते कुणी शिकण्यासाठी संग्रहात ठेवलं नव्हतं. ती चोरी होती, आणि एनएसएने तो दोष वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्टला न सांगता दाबून ठेवला होता. म्हणजे दडवण्याचाच तोटा झाला, असंही म्हणता येतं.

उरणकर

म्हणता येतं. रांग तेवढीच राहते.

डब्लिनचा दाजी

मी इथे हल्ल्यानंतरच्या तपासाचं काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. सरांच्या प्रश्नावर येतो.

जिवंत नमुने वाटण्याची आमच्याकडे एक ठरलेली रीत आहे. नमुना झिप करायचा आणि त्याला 'इन्फेक्टेड' हा पासवर्ड द्यायचा. हा पासवर्ड जगात सगळ्यांना माहीत आहे, तो गुप्ततेसाठी नाहीच. हेतू एवढाच की कुणी चुकून दोनदा क्लिक केलं तर फाइल चालू नये, आणि वाटेतल्या अँटिव्हायरसने ती गिळू नये. अहवालात घातक पत्ता लिहायचा असला तर एचटीटीपीमधल्या दोन टी काढून तिथे दोन एक्स लिहितात आणि टिंबाला चौकटी कंस घालतात, म्हणजे दुवा दाबला जात नाही. सरांनी डॉसचे नमुने टाकायचेच असतील तर असे झिप करून टाकावेत आणि वर्णनात पहिल्याच ओळीत तसं लिहावं.

आणि फक्त अँटिव्हायरस चालतोय का हे विद्यार्थ्यांना दाखवायचं असेल तर खरा व्हायरस लागतच नाही. 'आयकार'ची चाचणी फाइल आहे, ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी. सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजायचं असं ठरवून बसले आहेत.

बायनरी_बंड्या

मी ती फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवली होती. दहा मिनिटांत आयटीवाला टेबलापाशी हजर. "सर, टेस्ट आहे" म्हटलं तर म्हणाला, "टेस्ट माझी झाली."

चहाटळ

खिक्क!

कायदेपंडित नसलेला

नावातच लिहिलंय, तरी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मन लावून वाचलेला आहे म्हणून सांगतो.

कलम ४३ मध्ये व्हायरस 'सोडणं' किंवा सोडवणं येतं, तेही मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात. ते अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हायरसची माहिती लिहिणं, जुन्या नमुन्याचा अभ्यास करणं याला त्यात गुन्हा म्हटलेलं नाही. पण ४३ मध्येच एक उपकलम आहे : बेकायदा प्रवेश सोपा व्हावा म्हणून दुसऱ्याला मदत करणं. म्हणजे 'अमुक संस्थेचा सर्व्हर असा उघडतो' असं पत्त्यानिशी लिहून टाकलंत तर अंगाशी येईल. 'या प्रकारचा दोष असा असतो' हे शिकवणं निराळं. हेतू दिसला पाहिजे, आणि तो वर्णनातून दिसतो.

खरा धोका मला तिसऱ्याच ठिकाणी दिसतो, तो म्हणजे कोर्सचे व्हिडिओ आणि पीडीएफ. सर, ते कुठून आलेत?

खडूफळा

काही विकत घेतलेले, काही विद्यार्थ्यांनी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले. त्यांना कुठून मिळाले ते विचारलं नाही.

कायदेपंडित नसलेला

मग ते नकोच. विकत घेतलं म्हणजे वाटायचा हक्क मिळाला असं होत नाही. पोलिसांचं सोडा, आर्काइव्हला तक्रार गेली की आयटेम (तुम्ही चढवलेली नोंद) लोकांना दिसेनासा होतो, आणि असं वारंवार झालं तर खातंच गोत्यात. त्या खात्यावरच्या तुमच्या नोट्सचं काय?

सोलापुरी चादर

इथे मी वर मांडलेल्या मताच्या उलट बोलतोय असं वाटेल, पण कायदेपंडितांना +१. '१०० जीबी एथिकल हॅकिंग फुल कोर्स' असले आयटेम तिथे ढिगाने पडलेत. निम्मे व्हिडिओ विंडोज एक्सपीवरचे, फाइलींना नावं नाहीत, आणि एखाद्या 'क्रॅक'मध्ये (चोरून चालवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लपलेला घातक प्रोग्राम, ट्रोजन. शिकणाऱ्याचा महिना त्यात जातो.

त्यापेक्षा जे मुळातच मोकळं आहे ते वापरावं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एसपी ८०० ही सुरक्षेच्या मार्गदर्शिकांची मालिका फुकट आहे. सरकारी काम असल्याने तिथे त्यावर कॉपीराइट नाही. ओवास्पचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, मराठी भाषांतर करून वाटलंत तरी चालतं, फक्त श्रेय द्या आणि परवाना तोच ठेवा. याउलट आयएसओ २७००१ विकत घ्यावं लागतं आणि त्याच्याच चोरट्या प्रती सगळीकडे फिरतात. सुरक्षेचं मानक चोरून वाचायचं, काय म्हणावं!

रानजाई

मी ग्रंथालयात काम करते. संगणक सुरक्षेतलं मला फार कळत नाही, पण संग्रहातलं कळतं. तुम्ही सगळे 'टाकावं का' यावर बोलताय, 'कसं टाकावं' यावर कुणीच नाही.

नुसत्या फाइली चढवणं म्हणजे संग्रह नव्हे. कुठल्या साली, कुठे, कुणाकडून मिळालं, कुठल्या यंत्रावर चालायचं, अपूर्ण असेल तर कुठलं पान नाही, हे लिहिलं नाही तर वीस वर्षांनी ती नुसती अडगळ. खडूफळा सर, तुमच्या व्हायरसच्या फ्लॉपीची किंमत व्हायरसमध्ये कमी आणि 'ही फ्लॉपी सांगलीच्या क्लासमध्ये अमुक साली अमुक गावच्या मुलाने आणली' या ओळीत जास्त आहे. व्हायरसचे नमुने जगात सापडतील. तो आपल्या तालुक्यांत कसा हिंडला याची नोंद कुठे सापडणार?

दोन व्यवहाराच्या गोष्टी. आयटेमचा ओळखशब्द एकदा ठरला की बदलता येत नाही, तेव्हा 'न्यू फोल्डर २' असं काही देऊ नका. आणि भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, कारण स्कॅनमधली अक्षरं ओळखणं (ओसीआर) त्यावरून ठरतं. इंग्रजी राहिलं तर मराठी पानांचा शोधच लागणार नाही.

हेक्सडम्प

रानजाई, फार उत्तम. त्यात तांत्रिक भर : प्रत्येक फाइलचा हॅश लिहून ठेवा, म्हणजे फाइलीवरून काढलेला ठसा; फाइल जराही बदलली की तो बदलतो. आर्काइव्ह स्वतः फाइलींच्या यादीत एमडी५ आणि शा-१ या प्रकारचे हॅश देतं, पण तुम्ही घरीच शा-२५६ काढून वेगळ्या ठिकाणी प्रसिद्ध करा. फाइल आणि तिचा हॅश एकाच जागी असले तर जागा फोडणारा दोन्ही बदलतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमचं संकेतस्थळ फोडून डाउनलोडचा दुवाच दुसरीकडे वळवला होता. लोकांनी बिनधास्त उतरवून घेतली ती मागचं दार (बॅकडोर) असलेली इन्स्टॉलेशनची फाइल. आणि २०२४ मधलं एक्सझेड या लिनक्सवरच्या फाइली आवळायच्या साधनाचं प्रकरण तर अभ्यासक्रमात लावावं असं. सगळ्यांना दिसणारा गिटमधला कोड आणि वाटलेलं पॅकेज (टारबॉल) यांत फरक होता, आणि मागचं दार उघडणारा दुवा त्या फरकात होता. ते सापडलं कसं? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एका इंजिनियरने खोदून बघितलं.

संशयात्मा

म्हणजे सार्वजनिक साहित्यावर विश्वास ठेवू नये हे तुम्हीच सिद्ध करताय.

हेक्सडम्प

तपासून ठेवावा हे सिद्ध करतोय. सार्वजनिक होतं म्हणून तर त्या माणसाला खोदता आलं.

डब्लिनचा दाजी

तरी संशयात्मा यांना अर्धा गुण द्या. 'नव्या दोषाचा एक्स्प्लॉइट' म्हणून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर जे पडतं त्यात खोटं बरंच असतं. चालवलं की तुमचंच मशीन जातं. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने उघड केलं की उत्तर कोरियाशी जोडलेली टोळी संशोधकांशी मैत्री करून त्यांना विषारी प्रोजेक्ट पाठवत होती. कोड वाचल्याशिवाय चालवायचा नाही, आणि चालवायचा तो नेट तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या संगणकात). सर, डिस्कवरची टूल्स चढवूच नका. त्यांच्या मूळ ठिकाणी नव्या आवृत्त्या आहेत. तुमच्या डिस्कवरच्या प्रतीत काय मिसळलंय ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

अभ्यासू मुंगी

गिटहबवरून आठवलं. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरच्या दोषाचा नमुना कोड एका संशोधकाने गिटहबवर टाकला आणि गिटहबने तो काढून टाकला. गिटहब कुणाचं? मायक्रोसॉफ्टचं. केवढा गदारोळ! नंतर त्यांनी धोरण सुधारून लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की तेव्हा त्या दोषातून हल्ले चालू होते, आणि ते खरंही होतं. पण घर ज्याचं त्याचे नियम, हे लक्षात ठेवावं. एकाच जागी ठेवू नये.

आपल्याकडचं सरकारही कमी नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी मजकुराच्या कारणाने ३२ संकेतस्थळं अडवली, त्यात गिटहब, पेस्टबिन आणि आर्काइव्ह डॉट ऑर्गही होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सिनेमाच्या चोरट्या प्रती रोखायच्या कोर्टाच्या आदेशात आर्काइव्ह पुन्हा सापडलं. तेव्हा मी जुनी नाट्यगीतं शोधत होते. मला आधी वाटलं आमच्या केबलवाल्याचंच काहीतरी.

चहाटळ

आणि ऑक्टोबर २०२४ विसरलात का? सुरक्षेचं साहित्य ज्या आर्काइव्हवर ठेवायचं म्हणताय तेच फुटलं. ३ कोटी १० लाख खाती! हल्लेखोराने संकेतस्थळावरच खिडकी उघडून खिल्ली उडवली होती. चोराने चोरी करून दारावर पाटी लावावी तसं.

हेक्सडम्प

पासवर्ड बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश केलेले होते, त्यामुळे थेट उघडे पडले नाहीत. संग्रहातल्या वस्तू शाबूत राहिल्या, पण काही दिवस सगळं बंद आणि मग फक्त वाचण्यापुरतं चालू होतं. तिथे खातं असेल आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर आज बदला.

बायनरी_बंड्या

पासवर्ड याद्यांचं राहिलंच की. रॉकयू कंपनीच्या चोरीला गेलेल्या पासवर्डची यादी तर काली लिनक्स या सुरक्षा तपासणीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबतच येते. मग सरांनी टाकली तर काय बिघडलं?

डब्लिनचा दाजी

रॉकयूचं वेगळं. २००९ मध्ये त्या कंपनीचे ३ कोटी २० लाखांवर पासवर्ड साध्या मजकुरात, हॅशसुद्धा न करता ठेवलेले, चोरीला गेले. आज फिरते ती यादी नुसत्या पासवर्डची आहे, नाव नाही, ईमेल नाही. सर्वांत वर '१२३४५६'. ते कुणाचं हे सांगता येत नाही, कारण ते सगळ्यांचंच होतं.

पण सरांच्या याद्यांत एखाद्या पतपेढीच्या किंवा कॉलेजच्या गळतीतले ईमेलसकट पासवर्ड असतील तर हात जोडून सांगतो, चढवू नका. आठ वर्षांपूर्वीचा पासवर्ड आजही वापरणारा माणूस मी दर आठवड्याला बघतो. विद्यार्थ्यांना गळती समजावायची तर ट्रॉय हंटची 'हॅव आय बीन पोन्ड' ही, आपली माहिती गळतीत आहे का ते सांगणारी सेवा दाखवा. तिथे पासवर्ड तपासताना अख्खा पासवर्ड जातच नाही. त्याच्या शा-१ हॅशची पहिली पाच अक्षरं जातात, तेवढ्यावर जुळणारी यादी परत येते आणि जुळणी तुमच्या मशीनवर होते. या एका युक्तीवर अख्खं लेक्चर होतं.

रानजाई

खाजगी माहितीवरून, फ्लॉप्यांवर फक्त व्हायरसच आहे हे कशावरून? क्लासच्या फ्लॉप्या म्हणजे फीच्या याद्या, पत्ते, कुणाचे बायोडेटा. फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) चढवली की पुसलेल्या फाइलीही त्यात जातात. आणि आर्काइव्ह आयटेमची टॉरंट (एकमेकांच्या मशीनवरून उतरवायची सोय) आपोआप बनवतं. नंतर काढायला सांगितलंत तर ते काढतील, तोवर प्रती कुठे गेल्या कुणी सांगावं.

खडूफळा

रानजाईताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. त्या फ्लॉप्यांवर विद्यार्थ्यांचे बायोडेटा नक्की आहेत, आम्ही वर्डस्टार त्यावरच शिकवायचो.

डाजींच्या आणि कायदेपंडितांच्या म्हणण्यानुसार कोर्स, टूल्स आणि ईमेल असलेल्या याद्या बाद. दोन अडचणी उरल्या. सव्वापाचच्या फ्लॉप्या वाचायच्या कशावर? आणि नोट्स इस्म या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत, काही तशाच श्रीलिपीत. उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात.

चहाटळ

सर, दाजी चे डाजी केलेत. फाँटचा प्रॉब्लेम इथूनच सुरू झालेला दिसतोय.

हेक्सडम्प

सव्वापाचला यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही. जुना ड्राइव्ह मिळवून ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड लावतात. ते चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपतं, त्यामुळे खराब सेक्टरवर नंतर डोकं लावता येतं. आधी बुरशी बघा. पृष्ठभागावर पांढरे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, फ्लॉपीही जाते आणि ड्राइव्हचं डोकंही. साडेतीनच्या साध्या यूएसबी ड्राइव्हवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने निघतात.

आणि मशीन बंद करताना फ्लॉपी आत राहू देऊ नका. बूट सेक्टर व्हायरस तसेच पसरले होते.

अभ्यासू मुंगी

इस्म आणि श्रीलिपीसाठी युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांत) बदलणारी साधनं आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. डोळ्यांनी तपासावं लागतं. मी एका दिवाळी अंकाचं केलंय, त्यात 'कार्यकर्ता' दर खेपेला नव्या रूपात यायचा. सर, दोन्ही ठेवा : मूळ पानांचा स्कॅन आणि युनिकोड मजकूर. स्कॅन हा पुरावा, मजकूर शोधायला. काही पानं इथे वाटून घेतली तर मी घेते. पण आधी एक सांगा, नोट्समध्ये आहे काय?

खडूफळा

बूट सेक्टर म्हणजे काय, फ्लॉपीला राइट प्रोटेक्ट कसं करायचं, व्हायरस आलाय हे कसं ओळखायचं. शेवटी एक प्रकरण 'अनोळखी माणसाने दिलेली फ्लॉपी' असं आहे. १९९५च्या आसपास मुलांना चित्रं काढून शिकवायचो. तेव्हा पुण्याच्या काटकर बंधूंचं अँटिव्हायरस नुकतंच निघालं होतं, त्याचा वापर कसा करायचा तेही आहे.

सोलापुरी चादर

सर!! हेच टाका. बाकी सगळं जगात आहे, हे कुठेच नाही. काटकर बंधूंचं ते क्विक हील पुढे केवढी मोठी कंपनी झाली. पण तिच्या सुरुवातीच्या काळात सांगलीतली मुलं मराठीत काय शिकत होती हे कुणी लिहून ठेवलंय?

उरणकर

मला मात्र नव्या नोट्स हव्यात. माझ्या सासऱ्यांना 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला, पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर, चार तास. सासूबाईंनी शेजारी हाक मारली म्हणून पैसे वाचले. त्यांना बूट सेक्टर नको, 'भारतात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नसतो, फोन ठेवा, पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० फिरवा' हे मोठ्या अक्षरात एका पानावर हवंय. छापून सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावता येईल असं. सार्वजनिक संग्रहात मराठीत असं एक पान शोधून दाखवा.

रानजाई

उरणकर, सुटी पत्रकं सापडतात, पण कुठली अद्ययावत आणि कुणी काढलेली ते कळत नाही. पुन्हा तेच, नोंद नाही. तुम्ही मजकूर लिहा, मी आमच्या वाचनालयात लावते. वर तारीख घाला म्हणजे जुनं झालं की काढता येईल.

कायदेपंडित नसलेला

परवाना निवडताना एक बघा. 'अव्यावसायिक' अट घातलीत तर उरणकरांच्या सोसायटीला चालेल, पण छोट्या क्लासवाल्याला ते पान फी घेणाऱ्या वर्गात वापरता येईल का यावर खल होईल, आणि विकिस्रोतावर तर घेणारच नाहीत. मोकळं ठेवायचं तर श्रेय आणि तोच परवाना, एवढ्या दोन अटी पुरेत.

संशयात्मा

नोट्स आणि पत्रक यांना माझा विरोध कधीच नव्हता. जिवंत फ्लॉपीला अजूनही आहे. जोशी असो की कुलकर्णी.

हेक्सडम्प

आजच्या, यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनवर तो बूटच होणार नाही, फ्लॉपी ड्राइव्ह तर लांबच. पण तुमचा विरोध नोंदवतो. सर, असं करा. नमुने सार्वजनिक न ठेवता झिप करून तुमच्याकडे आणि आणखी एकाकडे ठेवा. आयटेममध्ये फक्त फ्लॉपीचा आणि लेबलचा फोटो, शा-२५६ आणि रानजाई म्हणतात तशी हकिगत द्या. ज्याला अभ्यासाला हवं तो मागेल.

खडूफळा

हे पटलं. नोट्सचे स्कॅन या रविवारपासून घेतो, अभ्यासू मुंगी यांना पहिलं प्रकरण पाठवतो. ग्रीसवीझल लावलेला सव्वापाचचा ड्राइव्ह कोल्हापूर-सांगली भागात कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फ्लॉप्या घेऊन मीच येईन.

बायनरी_बंड्या

मिरजेत आहे. ड्राइव्ह माझा नाही, काकांचा. ५ जानेवारी सोडून कधीही या.